ऑपरेशननंतर ज्येष्ठांना भ्रम होऊ नये म्हणून

“ऑपरेशन उत्तम झालं, पण आई आम्हाला ओळखतच नाही.” हे वाक्य वाचकांकडून वारंवार ऐकायला मिळतं. कुणाचे वडील खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री उठून बसतात आणि “चला, गाडी सुटेल” म्हणत सलाईनची सुई उपटू लागतात. कुणाची आजी गुडघा बदलल्यावर चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत बसते. कुणाचे आजोबा यातलं काहीच करत नाहीत. झापड आल्यासारखे नुसते पडून राहतात आणि घरचे म्हणतात, “बरं झालं, शांत झोपलेत.”

मग प्रश्न सुरू होतात. भूल जास्त झाली का? हा म्हातारचळ आता कायमचाच का? ‘बाहेरचं’ काही असेल का? डॉक्टरांचं कुठं चुकलं का? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, हे टाळता आलं असतं का?

पुष्कळदा टाळता येतं. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी महागही नाहीत. फक्त त्या ऑपरेशनच्या आधी ठरवाव्या लागतात आणि त्यात घरच्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून घरात साठी-सत्तरीच्या पुढचं कुणी असेल आणि ऑपरेशन ठरलं असेल, तर पुढची माहिती आजच वाचून ठेवा.

आधी तीन गोष्टींतला फरक समजून घ्या

- डिलिरियम, म्हणजे भ्रम. आपल्याकडे याला ‘वात झाला’ असंही म्हणतात. हा अचानक येतो, बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन दिवसांत. दिवसभरात कमीजास्त होतो आणि संध्याकाळनंतर वाढतो. लक्ष एका जागी टिकत नाही, बोलण्यात संगती राहत नाही. कारण शोधून उपचार केले तर बहुतेक रुग्ण यातून बाहेर येतात.
- स्मरणशक्ती मंदावणं. भ्रम नसतो, पण पुढचे काही आठवडे नावं आठवत नाहीत, हिशेब जुळत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६० वर्षांवरील १,२१८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मोठ्या ऑपरेशननंतर एका आठवड्यानं सुमारे २६ टक्के रुग्णांत अशी घसरण दिसली. तीन महिन्यांनी हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आलं. बहुतेकांची गाडी रुळावर येते, काहींची येत नाही.
- डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. हा महिने-वर्षं घेत हळूहळू वाढतो, एका रात्रीत होत नाही. मात्र घरच्यांच्या लक्षात न आलेला सौम्य स्मृतिभ्रंश ऑपरेशनच्या निमित्तानं उघडा पडू शकतो. आधीच स्मृतिभ्रंश असेल तर भ्रमाचा धोकाही वाढतो.

भ्रम हलक्यात घेऊ नका. त्यामुळे रुग्णालयातला मुक्काम लांबतो, पडझड होते, चालणं मागे पडतं आणि पुढे स्मरणशक्ती खालावण्याची शक्यता वाढते. त्यामुळे आधीपासून सावध राहण्यातच शहाणपण आहे.

धोका कोणाला जास्त?

पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी तुमच्या घरच्या ज्येष्ठांना लागू होत असतील, तर सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा:

- वय ६५च्या पुढे. त्यातही ८०च्या पुढे धोका अधिक
- आधीपासून विसराळूपणा किंवा पूर्वीच्या आजारपणात भ्रम झालेला असणं
- कमी ऐकू येणं, कमी दिसणं
- रोजच्या पाचपेक्षा जास्त गोळ्या, विशेषतः झोपेच्या
- रोजचं मद्यपान
- अशक्तपणा, घटलेलं वजन, रक्त कमी असणं
- पार्किन्सन, पूर्वीचा पक्षाघात, मूत्रपिंडाचा आजार, नैराश्य
- खुब्याचं हाड मोडणं, हृदयाचं किंवा मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन, कुठलंही तातडीचं ऑपरेशन

मोतीबिंदूसारख्या, फक्त डोळ्यापुरती भूल देऊन होणाऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये हा धोका बराच कमी असतो. या भीतीनं ते पुढे ढकलू नका. नीट दिसणं मेंदूच्या फायद्याचंच आहे.

ऑपरेशन ठरल्यावर: आधीच्या पंधरा दिवसांची तयारी

१. आजची स्मरणशक्ती तपासून घ्या. फॅमिली डॉक्टरांना किंवा फिजिशियनना सांगून स्मरणशक्तीची छोटी चाचणी करून घ्या. पाच-दहा मिनिटं लागतात. निकाल फाइलला लावा. ऑपरेशननंतर “हे आधीपासूनच असे होते का?” हा प्रश्न आला तर हाच कागद उत्तर देतो.

२. गोळ्यांची पिशवीच घेऊन जा. यादी करण्यापेक्षा घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांसमोर ओता. डोळ्यांचे थेंब, सर्दीच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी, काहीही वगळू नका. पुढच्या औषधांबद्दल मुद्दाम विचारा:

- झोपेच्या आणि ‘टेन्शन’च्या गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम
- सर्दी-खाज-अ‍ॅलर्जीची गुंगी आणणारी जुनी औषधं, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामिन, प्रोमेथॅझिन, हायड्रॉक्सिझिन
- नसांच्या दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलिन
- लघवी रोखण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन

ही औषधं वृद्धांच्या मेंदूला त्रासदायक ठरू शकतात. पण वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम बंद केली तर त्यानंही भ्रम होतो. म्हणून स्वतःहून काही थांबवू नका. हळूहळू कमी करायची की चालू ठेवायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. पार्किन्सनची औषधं असतील तर ऑपरेशनच्या दिवशी ती कशी आणि किती वाजता द्यायची, हे लेखी घ्या. त्यांची वेळ चुकणं महागात पडतं.

३. दारू-तंबाखूबद्दल खरं सांगा. “रोज थोडीशी घेतात” हे सांगायला संकोच वाटतो. पण रोजची दारू रुग्णालयात अचानक सुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी थरथर, घाम, भास सुरू होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर त्यांना बंदोबस्त करता येतो. तंबाखू, मशेरी, तपकीर यांचीही कल्पना द्या.

४. कान आणि डोळे तयार ठेवा. कानात मळ असेल तर काढून घ्या. ऐकण्याच्या यंत्राच्या नव्या बॅटऱ्या आणा. चष्म्याची तुटलेली काडी आताच दुरुस्त करा. दिसत नाही आणि ऐकू येत नाही, अशा माणसाला अनोळखी खोलीत भास होणं सोपं असतं.

५. रक्त, साखर, क्षार तपासा. हिमोग्लोबिन, सोडियम, साखर, मूत्रपिंडाचं काम पाहिलं जातं. विसराळूपणा असेल तर बी-१२ आणि थायरॉइडबद्दलही विचारा. कमतरता भरून काढायला वेळ लागतो, म्हणून या तपासण्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

६. अंगात ताकद भरा. रोज झेपेल तेवढं चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव, दीर्घ श्वसन. जेवणात वरण, उसळ, दूध-दही, अंडी चालत असतील तर अंडी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. मेंदूलाही काम द्या: वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं, शब्दकोडं, पत्ते, भजन-स्तोत्रांचं पाठांतर, जे आवडतं ते.

ऑपरेशन तातडीचं असेल तर? खुब्याचं हाड मोडलं असेल तर या तयारीसाठी थांबू नका. शक्यतो २४ ते ४८ तासांत ऑपरेशन होणं फायद्याचं मानलं जातं. जितके दिवस वेदनेत आणि अंथरुणात जातात, तितका भ्रमाचा धोका वाढतो. मुहूर्त पाहणं, परदेशातला मुलगा येईपर्यंत थांबणं, यात अमूल्य वेळ जातो. अशा वेळी फक्त तीन गोष्टी करा: औषधांची पिशवी, चष्मा-यंत्र-कवळी आणि कमरेखालच्या वेदनेसाठी ‘नर्व्ह ब्लॉक’ देता येईल का, हा प्रश्न.

भूलतज्ज्ञांना हे विचारा

भूलतज्ज्ञांची भेट ऑपरेशनच्या टेबलावर व्हायला नको. आदल्या दिवशी किंवा त्याआधी त्यांच्याशी बोलण्याची वेळ मागून घ्या. विचारायचे प्रश्न:

- आमच्या रुग्णाला भ्रमाचा धोका किती आहे? तो कमी करण्यासाठी तुम्ही काय करणार आहात?
- ऑपरेशनआधी घबराट कमी करण्यासाठी गुंगीचं औषध देणार आहात का? ते टाळता येईल का?
- पूर्ण भूल असेल तर तिची खोली मोजणारं यंत्र वापरणार का? (याच्या उपयोगाबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत; पण वयानुसार भूल गरजेपुरतीच राहावी, हा हेतू योग्य आहे.)
- ऑपरेशननंतर वेदनेसाठी काय देणार? पॅरासिटामॉल नियमित आणि नर्व्ह ब्लॉक, असं करून अफूवर्गी औषधं कमी ठेवता येतील का?
- किती वेळ उपाशी राहायचं?

शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी साधारणपणे हलकं अन्न सहा तास आधी थांबवतात, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. “रात्री बारानंतर काही नाही” असं सांगितलं गेलं आणि नंबर दुपारी लागला, तर ज्येष्ठ रुग्ण बारा-चौदा तास कोरडा राहतो. मधुमेह किंवा पोटाचे काही आजार असतील तर नियम बदलतात, म्हणून तुमच्या रुग्णासाठीची नेमकी वेळ विचारून घ्या. ज्येष्ठांचा नंबर सकाळी पहिला लावता येईल का, हेही विचारा.

कमरेतून भूल की पूर्ण भूल? “कमरेतून दिली की डोक्यावर परिणाम होत नाही” असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिका आणि कॅनडात खुब्याच्या फ्रॅक्चरच्या १,६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रीगेन’ या अभ्यासात दोन्ही गटांत भ्रमाचं प्रमाण जवळजवळ सारखंच, म्हणजे सुमारे २० टक्के निघालं. म्हणून भुलीच्या प्रकारावरून डॉक्टरांशी वाद घालू नका. हृदय, फुप्फुसं, मणके पाहून तो निर्णय त्यांना घेऊ द्या. तुमची शक्ती भुलीच्या आधी आणि नंतर काय होतं, त्यावर खर्च करा.

रुग्णालयात नेण्याची पिशवी

- चष्मा, ऐकण्याचं यंत्र, कवळी. प्रत्येकाच्या डबीवर नाव
- मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि तारीखवार मोठ्या अक्षरांत दिसणारं कॅलेंडर
- घरची चादर किंवा शाल, एखादा कुटुंबाचा फोटो, जपमाळ, देवाचा छोटा फोटो
- घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल
- रोजच्या औषधांची यादी आणि मूळ पाकिटं
- एका कागदावर रुग्णाची ओळख: कोणत्या नावानं हाक मारलेली आवडते, कोणती भाषा किंवा बोली सहज समजते, चहा कसा लागतो, झोपायची वेळ, कोणत्या कानानं नीट ऐकू येतं

हा कागद खाटेजवळ लावा. ड्यूटी बदलली की सिस्टर बदलतात, मावशी बदलतात. “आजी” म्हणण्याऐवजी कुणी “माई” म्हणून हाक मारली, तर घाबरलेल्या माणसाला तेवढाच आधार वाटतो.

ऑपरेशननंतरचे पहिले पाच दिवस

अमेरिकेत डॉ. शेरन इनूय यांच्या गटानं रुग्णालयात दाखल ज्येष्ठांसाठी एक पद्धत आखली. ऑपरेशनचे नव्हे, तर औषधोपचारासाठी दाखल झालेले ७० वर्षांवरील ८५२ रुग्ण त्यांनी पाहिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. पद्धतीत कोणतंही नवं औषध नव्हतं. ओळखीचं बोलणं, चालवणं, झोप, चष्मा, ऐकण्याचं यंत्र आणि पाणी यांचा नेम होता. पुढे हीच पद्धत ऑपरेशनच्या रुग्णांसाठीही वापरात आली. घरच्यांना यातलं बहुतेक सगळं करता येतं.

सकाळी
- पडदे उघडा, ऊन-उजेड येऊ द्या. तोंड धुऊन चष्मा, यंत्र, कवळी लावा.
- “आज मंगळवार, आपण दवाखान्यात आहोत, परवा खुब्याचं ऑपरेशन झालं, मी तुमची सुनीता,” असं सहज बोलण्यातून सांगा. परीक्षा घेतल्यासारखं “मी कोण, सांगा बघू” असं विचारू नका.
- डॉक्टरांच्या राउंडला विचारा: आज खुर्चीत बसवायचं का? लघवीची नळी आज काढता येईल का? सलाईन अजून लागणार आहे का?

दिवसभर
- डॉक्टरांनी परवानगी दिली की फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं बसवा, उभं करा, चालवा. शक्यतो पहिल्या दिवसापासून. जेवण खाटेवर आडवं न देता खुर्चीत बसवून द्या.
- दर तासाला दोन-चार घोट पाणी, ताक, पेज, नारळपाणी. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच.
- वेदनेचं विचारत राहा. “दुखतंय का?” याला अनेक ज्येष्ठ “नाही” म्हणतात. हालचाल करताना चेहरा आक्रसतो का, ते पाहा. न आवरलेली वेदना आणि जास्त झालेलं वेदनाशामक, दोन्हींनी भ्रम होऊ शकतो.
- पोट साफ झालं का, लघवी मोकळी होते का, याची नोंद ठेवा. तुंबलेली लघवी आणि बद्धकोष्ठ ही भ्रमाची नेहमी नजरेतून सुटणारी कारणं आहेत.
- दिवसाची डुलकी अर्ध्या तासाची. गप्पा, जुनी गाणी, वर्तमानपत्र यांत जागं ठेवा.

रात्री
- आठ-नऊनंतर टीव्ही, मोबाइल, पाहुणे बंद. दिवे मंद, पण पूर्ण अंधार नको.
- तळपायांना हलक्या हातानं तेल, कोमट दूध, ओळखीचा आवाज. पायाला जखम, प्लास्टर किंवा रक्ताची गाठ असेल तर मालिश करू नका.
- रात्री दोनला नाडी-रक्तदाब पाहणं खरंच गरजेचं आहे का, की झोपू देता येईल, हे सिस्टरना नम्रपणे विचारा.
- झोप येत नाही म्हणून स्वतःजवळची गोळी देऊ नका.

सोबत कोण राहणार? पहिल्या तीन रात्री ओळखीचं माणूस जवळ असावं. मात्र एकाच व्यक्तीवर सगळा भार टाकू नका. थकलेली सून किंवा मुलगी चौथ्या दिवशी स्वतःच आजारी पडते. पाळ्या लावा, वहीत नोंदी ठेवा आणि पाळी बदलताना ती वही पुढच्याच्या हाती द्या. एका वेळी सात-आठ माणसांची भेट मात्र टाळा.

आयसीयूत असतील तर भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात. तरीही ज्येष्ठ रुग्णासाठी दिवसातून दोनदा तरी थोडा जास्त वेळ जवळ बसू द्या, अशी लेखी विनंती करा. चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र आत पोहोचलं आहे आणि वापरलं जातंय, याची खात्री करा. अनेकदा ते बाहेर नातेवाइकांच्या पिशवीतच राहतं.

भ्रम कसा ओळखाल?

आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो. गप्प भ्रम मात्र ज्येष्ठांमध्ये जास्त आढळतो आणि तोच निसटतो. पुढचं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा:

- नेहमीपेक्षा जास्त झोप, हाक मारल्यावर उशिरा प्रतिसाद, खाण्यात रस नाही
- बोलता बोलता तंद्री लागणं, विषयाचा धागा सुटणं
- दिवस-रात्र उलटी होणं
- भास, संशय, “मला इथं डांबलंय” असं म्हणणं
- स्वभावात अचानक बदल

एक सोपी चाचणी आहे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. एरवी हे सहज जमणाऱ्या माणसाला आज दोन वारही जुळवता येत नसतील, तर लक्ष विचलित झालं आहे, असं समजा. डॉक्टरांशी बोलताना “काहीतरी वेगळं वाटतंय” असं मोघम सांगू नका. “काल संध्याकाळी पाचपर्यंत ठीक होते, रात्री नऊपासून मला ओळखत नाहीत, असं पूर्वी कधीच झालं नव्हतं” असं वेळेसकट सांगा.

ताबडतोब सांगायची लक्षणं: चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झटका, धाप, ताप, अजिबात जाग न येणं. ही पक्षाघाताची किंवा इतर गंभीर आजाराची चिन्हं असू शकतात. अशा वेळी सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

भ्रम झालाच तर काय कराल?

१. कारण शोधायला सांगा. जंतुसंसर्ग, कमी ऑक्सिजन, सोडियम, साखर, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता, नवीन सुरू झालेलं औषध, सुटलेली दारू किंवा गोळी. भ्रमावरचा खरा उपचार म्हणजे यातलं कारण दूर करणं.

२. वाद घालू नका. “इथं मुंग्या नाहीतच” असं ठासून सांगण्यानं भीती वाढते. “मी आहे ना जवळ, काळजी करू नका” असं म्हणत हात हातात घ्या आणि विषय बदला.

३. हातपाय बांधू देऊ नका, आधी पर्याय विचारा. बांधल्यानं घाबरगुंडी आणि इजा, दोन्ही वाढतात. नळ्या काढता येतील तेवढ्या काढणं, खाट खाली घेणं, जवळ माणूस बसवणं हे आधी करायला हवं. अगदीच जीव वाचवणारी नळी उपटली जाण्याचा धोका असेल, तर किती वेळ बांधणार आणि दर किती वेळानं तपासणार, हे विचारा.

४. शांत करणाऱ्या इंजेक्शनबद्दल प्रश्न विचारा. रुग्णाला किंवा इतरांना इजा होण्याइतकी अस्वस्थता असेल तेव्हाच, कमीत कमी मात्रेत आणि थोड्याच दिवसांसाठी अशी औषधं वापरावीत. पार्किन्सन असेल तर त्याची पुन्हा आठवण करून द्या. काही औषधं त्यात घातक ठरतात. सुरू झालेली गोळी घरी जाताना बंद करायची की नाही, हेही विचारा.

५. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. प्रार्थनेनं मनाला धीर येत असेल तर जरूर करा. पण तपासण्या त्यासाठी थांबवू नका.

वारंवार होणाऱ्या चुका

- “शांत आहेत” म्हणून गप्प भ्रमाकडे दुर्लक्ष करणं
- कवळी हरवेल म्हणून घरी ठेवणं. मग खाणं कमी, बोलणं अस्पष्ट
- ऑपरेशनची बातमी ज्येष्ठांपासून लपवणं. काय होणार हे माहीत नसलेला माणूस जाग आल्यावर जास्त घाबरतो
- “पडतील” या भीतीनं आठवडाभर खाटेवरच ठेवणं
- लघवीसाठी उठावं लागू नये म्हणून पाणी कमी देणं
- भ्रमात बोललेलं मनावर घेणं. शिव्या, आरोप, जुनी भांडणं उकरणं हे आजाराचं बोलणं असतं

तुमचे हक्क

माहिती आणि संमती. शुद्धीवर असलेल्या, समजू शकणाऱ्या प्रौढ रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच असते; वय झालं म्हणून मुलानं परस्पर सही करणं योग्य नाही. धोके आणि पर्याय समजावून सांगूनच संमती घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. ही माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा. भ्रमाचा धोका त्यात सांगितला नसेल तर विचारा.

सनद आणि तक्रार. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं अपेक्षित आहे. तक्रार आधी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे लेखी द्या. तिथं दाद मिळाली नाही तर स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. मात्र भ्रम झाला म्हणजे निष्काळजीपणाच झाला, असं गृहीत धरू नका. उत्तम काळजी घेऊनही तो होऊ शकतो.

कागदपत्रं. केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचाही तुम्हाला हक्क आहे.

सह्यांबाबत सावध राहा. भ्रमात असलेल्या ज्येष्ठांकडून मृत्युपत्र, बक्षीसपत्र, बँकेचे कागद यांवर सही किंवा अंगठा घेऊ नका, कुणाला घेऊही देऊ नका. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२ मध्ये तापाच्या भ्रमात असलेल्या माणसाचं उदाहरणच दिलं आहे: तो भ्रम टिकतो तोवर त्याला करार करता येत नाही. असे व्यवहार ऑपरेशनच्या आधी निवांत करा किंवा डोकं पूर्ण स्वच्छ झाल्यावर करा.

खर्च. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही पाहा. भ्रमामुळे मुक्काम वाढला तर जादा दिवस पॅकेजमध्ये बसतात का, हे दाखल होतानाच विचारून ठेवा. इतर मदतीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

घरी आल्यावर

- डिस्चार्ज कार्डावर ‘भ्रम झाला होता’ अशी नोंद करून घ्या. पुढच्या कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी ती पहिल्यांदा दाखवा.
- जुनी आणि नवी औषधं एकत्र करून एकच यादी बनवून घ्या. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या चालू राहणं नेहमी घडतं.
- घराची मांडणी बदलू नका. नेहमीची खोली, नेहमीची खाट, रात्री बाथरूमपर्यंत दिवा.
- रोजचा क्रम पुन्हा बसवा: उठणं, अंघोळ, चालणं, जेवण, पूजा, गप्पा.
- पहिले काही आठवडे इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पैशांचे व्यवहार घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नजरेखाली ठेवा. वाहन चालवायचं का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.
- दोन-तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची तीच चाचणी पुन्हा करून घ्या. आधीच्या कागदाशी ताडून पाहा. घसरण टिकून असेल तर न्यूरोलॉजिस्ट किंवा वृद्धरोगतज्ज्ञांना दाखवा.

भ्रमातून बाहेर आलेल्या अनेक ज्येष्ठांना त्यातलं थोडंफार आठवत असतं आणि त्याची लाज वाटत असते. “तुम्ही त्या रात्री काय काय बोललात!” असा विषय घरात चेष्टेनं काढू नका. “ऑपरेशननंतर असं पुष्कळांना होतं, आता तुम्ही बरे आहात,” एवढं एकदा प्रेमानं सांगा.

सर्जन हाड जोडतील, भूलतज्ज्ञ वेदना सांभाळतील. पण आपल्या आईला कोणत्या कानानं ऐकू येतं आणि वडिलांचा गप्पपणा नेहमीचा आहे की आजचाच, हे रुग्णालयात फक्त तुम्हाला माहीत असतं. ते कागदावर लिहा, डॉक्टरांना सांगा आणि पहिल्या तीन रात्री चष्मा हाताशी ठेवून त्यांच्या उशाशी बसा.